शेवटच्या बांधीचा पाणकर

कवडूभाऊजींना हुकूम सोडता येत नसे. घरच्या बैलालासुद्धा ते "चालतोस का गा?" असं विचारत, आणि बैल हलला नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा विचारत. माझ्या मोठ्या बहिणीचं, रुख्माबाईचं त्यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा आमच्या बापाने कपाळाला हात लावला होता. एवढी तिखट पोर, आणि नवरा म्हणजे नुसता वरणभात. मी खुशाल, त्यांचा साळा. थट्टा करणं हा माझा हक्कच होता आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही. पण याच माणसाच्या हाताखाली आमचं अख्खं पळसबोडी सहा हंगाम भांडणाशिवाय पाणी वाटून घेत होतं. आजही हे कोणाला सांगितलं तर ते मला चहा पाजतात आणि विषय बदलतात.

पळसबोडी प्रतापगडच्या डोंगराच्या अलीकडे. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात, त्यामुळे गावात देऊळ लहान आणि तलाव मोठा. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, दगडी तुडूम बसवलेलं, म्हणजे पाणी बाहेर काढायची नळी. तिच्या तोंडाला लाकडी दट्टा. सब्बल, म्हणजे पहार, घालून दट्टा उपटला की पाणी नहरेत यायचं, आणि नहरेतून एकेकाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरात. जो दट्टा उघडायचा आणि कोणाला किती पाणी हे ठरवायचा, तो पाणकर. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, काळात पाणकर मालगुजार ठरवायचा. त्याचा माणूस दारात येऊन खाकरला की जो तो पावडा घेऊन नहर उकरायला जायचा. कोणाला प्रेम नव्हतं, पण काम होत होतं.

एक्कावन्न साली मालगुजारी गेली. गावाने ढोल वाजवले, मीही वाजवला. तलाव सरकारचा झाला, म्हणजे आमचा झाला, म्हणजे कोणाचाच राहिला नाही. बारभाईची शेती, काय लागेल हाती. त्या उन्हाळ्यात नहर उकरायला कोणी फिरकलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा जाईल. पावसाळ्यात शहाणपण सुचलं आणि पंचांनी उमरावला पाणकर नेमलं. उमरावचा आवाज मोठा होता. या काठावरून ओरडला तर त्या काठावरची म्हैस उठून उभी राहायची. लोकांना ऐकायला लावायचं तर असाच माणूस पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मीही मान डोलावली.

उमराव चोर नव्हता, हे आधी सांगतो. पण त्याच्या बांध्या तुडुमाला लागूनच होत्या. स्वतःच्या बांध्या भरल्या की त्याला वाटायचं, गावाचं भागलं. मग तो काठावर उभा राहून खूप ओरडायचा, लोक मान हलवायचे आणि तो घरी गेला की जो तो आपल्या बाजूला पाणी वळवून घ्यायचा. मधल्या बांध्यांपर्यंत पाणी कसंबसं आलं. शेपटाकडचा धान निसवायच्या आतच वाळून गेला. सगळ्यात शेवटच्या बांध्या होत्या कवडूभाऊजींच्या. त्या वर्षी त्यांच्या घरात तांदूळ विकत आला. धानाच्या मुलखात तांदूळ विकत आणणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माझी बहीण अंधार पडल्यावर पोतं घरात घेई, शेजारणीला दिसू नये म्हणून.

पुढच्या वर्षी सभा बसली. आमच्याकडे बायका सभेत पाठीमागे बसतात आणि गप्प बसतात, असा रिवाज. उमरावने आपणच सब्बल खाली ठेवली होती आणि आता त्याच्याहून मोठ्या आवाजाचा माणूस कोण, याचा शोध चालला होता. तेव्हा रुख्माबाई उठली.

"आवाज कायले पाह्यजे? पान्याले कान आहेत का?" ती म्हणाली. "ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, त्याच्या हाती दट्टा द्या. त्याले आपला धान जगवाचा असन, तं सगळ्याईच्या बांधीवरून पानी आनावं लागन."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जळणारीच बोलली होती. जागेश्वर म्हणून आमचे एक वयस्कर पंच होते. त्यांनी हळूच विचारलं, की बाई, सगळ्यात शेवटची बांधी कोणाची? बहिणीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. रागाच्या भरात तिला हे सुचलंच नव्हतं. सभा हसायला लागली. भाऊजी कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते, त्यांचा अडकित्ता मध्येच थांबला. मला चार माणसांत बोलता येत नाही, असं ते म्हणाले. जागेश्वर म्हणाले, बोलू नको बापा, पाणी आण.

असे ते पाणकर झाले. मला वाटलं, दसऱ्यापर्यंत टिकले तर देवीला नारळ देईन. तो नारळ मला द्यावा लागला.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती नहर उकरण्याची. पूर्वी प्रत्येकजण आपापल्या बांधीसमोरचा गाळ काढायचा आणि नेमका आपल्याला सोयीचा उतार ठेवायचा. भाऊजींनी ते उलटं केलं. तोंडाकडच्या माणसांनी शेपटाकडे उकरायचं, शेपटाकडच्यांनी तोंडाकडे. आपल्या बांधीसमोर पावडा मारायचा नाही. लोक कुरकुरले, पण त्यांनी कोणाला आज्ञा दिली नव्हती, त्यामुळे मोडायला काही नव्हतंच. ते स्वतः जाऊन उमरावच्या बांधीसमोरचा गाळ काढायला लागले. दुपारपर्यंत एकटेच होते. मग एकेकाला लाज वाटू लागली. त्या वर्षी तोंडाकडच्या कित्येक माणसांनी गावचा शेवट पहिल्यांदा पाहिला. आपल्याच गावात इतकी जमीन आहे, असं एकजण मला नवलाने म्हणाला.

दुसरी गोष्ट त्यांची चालण्याची. रोज सकाळी ते तुडुमापासून शेवटापर्यंत नहरेच्या काठाने चालत जात. कोणी आपली पाळी नसताना पाणी वळवलेलं दिसलं तर भांडत नसत. त्याच्या घरी जाऊन म्हणत, चाल, जरा खाली जाऊन येऊ. आता या माणसाला नाही कसं म्हणणार? तो सोबत निघायचा. वाटेत भाऊजी पाण्याबद्दल चकार शब्द काढत नसत. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे आले, असलं बोलत. शेवटी जाऊन दोघं कोरड्या बांधीसमोर उभे राहत, आणि परत येताना तो माणूस आपला आपण बांध फोडून पाणी सोडून देई. मी त्यांना म्हणायचो, भाऊजी, तुमच्यापेक्षा उमरावच्या शिव्या परवडल्या, निदान उन्हात एवढं चालावं तरी लागत नव्हतं.

अशी सहा वर्षं गेली. गावाचा त्यांच्यावर जीव जडला. आणि आमच्या लोकांचा जीव जडला की ते हमखास काहीतरी घोळ घालतात.

अठ्ठावन्न साली कोहमाऱ्याकडून नवी सडक आमच्या गावाच्या शेपटाकडून जाणार, अशी वार्ता आली. खुंट्यासुद्धा ठोकल्या गेल्या. उमराव गोंदियाला जाऊन राइस मिल पाहून आला होता आणि तेव्हापासून त्याला भरडाईच्या मशीनने झपाटलं होतं. सडकेच्या कडेला जागा पाहिजे, अशी त्याला घाई. त्याने भाऊजींना सांगितलं, तुडुमाखालच्या माझ्या बांध्या घे आणि शेवटच्या तुझ्या मला दे. अशी जमीन कोणी आपणहून देतं का? गाव हरखून गेलं. कवडूने एवढी वर्षं सगळ्यांना पाणी पाजलं, आता देवाने त्याला पाण्याच्या तोंडाशी बसवलं, असं जो तो म्हणू लागला. भाऊजी मागेपुढे पाहत होते. त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून ढकललं, मी सगळ्यात जोरात, कारण माझ्या बहिणीचा चेहरा मला दिसत होता. लग्न झाल्यापासून ती शेणखताची टोपली डोक्यावर घेऊन गावच्या शेवटापर्यंत जात होती. अदलाबदल झाली त्या दिवशी ती नव्या बांधीच्या धुऱ्यावर नहरेत पाय सोडून बसली, आणि बराच वेळ उठलीच नाही. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की शेवटची बांधी आता पाणकराची राहिली नाही.

सडक दुसऱ्याच अंगाने गेली. खुंट्या उपटून नेल्या. उमराव मशीनशिवाय, शेपटाला, धान लावून बसला, आणि गाव त्याला हसलं.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला. तलावात पाणी होतं, भाऊजींनी दट्टा उघडला, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. एका सकाळी मी माझ्या बांधीत होतो, तेव्हा ते काठावर येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "खुशाल, मी शेवटापर्यंत कधी गेलतो गा?"

मला आठवेना. त्यांनाही आठवेना. आम्ही दोघं खाली गेलो. माझ्या बांधीपुढे पाणी होतं, त्यापुढे कमी होतं, त्यापुढे चिखल होता. कोणी फार चोरलं नव्हतं. प्रत्येकाने हातभर जास्त घेतलं होतं, बस. उमरावच्या बांध्यांत जमीन भेगाळली होती आणि पोटरीतला धान तसाच थिजला होता. उमराव धुऱ्यावर बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. भाऊजींनी विचारलं, सांगितलं का नाहीस? त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज आम्हाला नीट ऐकूही आला नाही.

"कोनत्या तोंडानं सांगू? मी दट्टा धरला होता तवा तुहा धान असाच वाळला."

भाऊजींनी त्याच दिवशी पाणी थेट खाली नेलं. अर्धा धान वाचला, अर्धा गेला. मला मनातून फारसं वाईट वाटलं नाही. पेरलं तसं उगवलं, असं मी घरी येऊन म्हणालोसुद्धा. पण भाऊजी जेवले नाहीत. अंगणात बसून पायांकडे पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "माहा धान तिथं होता तवा माहे पाय आपोआप जात होते. आता धान वर आहे तं पाय वरतीच थांबते. मन चांगलं आहे गा माहं, पन पायाले ते का समजते?"

एवढं मोठं वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील. मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, धान कापून झाला आणि सभा बसली. भाऊजींनी सब्बल आणली आणि उमरावच्या पुढ्यात ठेवली. शेवटची बांधी त्याची आहे, आता पाणकर तो, एवढंच बोलून ते खाली बसले.

गाव असं भडकलं की विचारू नका. एकदा याने आपल्याला वाळवलं, पुन्हा याच्या हाती देता? मी सगळ्यात आधी उठलो आणि माझी जीभ मी आवरली नाही. जागेश्वर म्हणाले, अरे कवडू, तो कायदा आम्ही तुझ्यासाठी केला होता. भाऊजी म्हणाले, कायदा बांधीसाठी होता. उमरावला तर वाटलं, याने चारचौघांत आपली फजिती करायला हे काढलं आहे. तो सब्बल न उचलता निघाला. भाऊजी उठून त्याच्या मागे गेले, त्याच्या घरात गेले, आणि सब्बल तिथे ठेवून परत आले.

खरा तमाशा घरी झाला. बहिणीने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती बोललीच नाही. जन्मभर वाट पाहून तिला पाण्याच्या तोंडाची जमीन मिळाली होती, आणि नवऱ्याने तिचं पाणी उमरावच्या मुठीत देऊन टाकलं होतं. ती ताट वाढायची, लोटा ठेवायची आणि पाठ फिरवायची. प्रतापगडची जत्रा गेली, होळी गेली, रोज तेच. मी मध्ये पडायला गेलो तर मला म्हणाली, एवढा भाऊजींचा पुळका आहे तर तूच रांधून घाल त्यांना. भाऊजी काही सफाई देत नव्हते. त्यांना एकच घोर लागला होता. उन्हाळ्यात नहर उकरली गेली नाही तर पुन्हा एक्कावन्न साल येईल, आणि या वेळी ते गावाला सोसणार नाही. इकडे गावात पैजा लागत होत्या, की उमरावने बोलावल्यावर एक माणूस जरी गेला तर अमुक करीन आणि तमुक करीन.

जेठ लागला. कोतवालाने दवंडी दिली, उद्या नहर उकरायची, शेपटाकडून सुरुवात. सकाळी सगळं गाव गेलं, पण कामाला नव्हे. हात हलवत, पान खात, मजा पाहायला. मीही गेलो. उमराव कोरड्या नहरेत एकटा उभा होता. कोणी खाली उतरेना. तो एकदा इकडे पाही, एकदा तिकडे. ओरडावं तर कोणावर, हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात भाऊजी पावडा खांद्यावर टाकून आले. लोकांत कुजबुज झाली, आला, आता सब्बल परत घेतो. ते काठावरून उतरले आणि उमरावला विचारलं, कुठून लागू? तोंडाकडच्या माणसाने शेपटाकडे उकरायचं, हा नियम त्यांचाच. उमरावने बोट दाखवलं, ते नेमकं त्याच्या स्वतःच्या बांधीसमोर. भाऊजी वाकले आणि गाळ काढू लागले.

उमराव भेदरला होता. भेदरलेला माणूस आपली जुनी खोड धरतो. तो सगळ्या गावासमोर भाऊजींवर ओरडला.

"असं ओरबाडून पानी येते का? अजून खोल घे!"

माझं डोकं सटकलं. मी पायातली वहाण काढली होती, खरं सांगतो. भाऊजींनी पावडा थांबवला, धोतराच्या सोग्याने घाम पुसला आणि मान वर करून अगदी सरळ विचारलं, "हो पाणकर. किती खोल घेऊ?"

गावाने उमरावला नेमलं होतं, हसलं होतं, शिव्या दिल्या होत्या, पण त्याला 'पाणकर' असं कोणी म्हटलं नव्हतं. तो नहरेत खाली बसला, आपला हात मातीवर आडवा धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "एवढी, कवडू. ढोपरभर. मंग पानी थांबनार नाही."

"बरं," भाऊजी म्हणाले आणि ढोपरभर खोल घ्यायला लागले.

मग गर्दी बाजूला सारत माझी बहीण आली. डोक्यावर टोपली. ती थेट खाली उतरली, नवऱ्याने काढलेल्या गाळाशेजारी टोपली आपटली आणि इतक्या महिन्यांनी त्याच्याशी बोलली. "सरका जरा तिकडं. माती कोन उचलन, तुमचा बाप?"

भाऊजी सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगत बसत नाही, मला ते जमणार नाही. उमराव दुसऱ्या बाजूने पावडा चालवू लागला. काठावर आम्ही शंभरएक बापे रिकाम्या हातांनी उभे होतो, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. आधी जागेश्वर वळले. म्हातारा काठी टेकत गावाकडे एवढ्या घाईने निघाला की मला वाटलं पडतो. मग आम्ही सगळेच पावडे आणायला घरी पळालो.